आधी शिरोरेषा ओढा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "मी वाई तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला चित्रकला शिक्षक आहे. वय ६३. शाळेच्या फळ्यावरचा रोजचा सुविचार, प्रमाणपत्रांवरची नावे आणि गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या मीच लिहिल्या. साडेतीन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरू लागला आणि पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान झाले. आता ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढे होते. सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत आला. दर मे महिन्यात वाचनालयात मुलांचा सुलेखन वर्ग मी विनामूल्य घेत असे. गेली दोन वर्षे काहीतरी सबब सांगून टाळला. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल नावाची आणखी एक गोळी सुरू केली. तेव्हापासून लिहिण्याची ऊर्मी परत आली आहे. रात्री दोन-अडीचपर्यंत बसतो, टाक आणि हातकागद मागवतो. पत्नी चिडते. माझा प्रश्न असा, की ज्याचे स्वतःचे अक्षर बिघडले त्याने दुसऱ्याला अक्षर शिकवावे का? समाजाचे ऋण फेडायचे राहून गेले, ही बोच जात नाही."

आदरणीय सर,

स. न. वि. वि.

तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले आणि तिसऱ्यांदा नुसते पाहिले. पहिल्या ओळीतला 'माननीय'चा 'मा' माझ्या बोटाच्या पेराएवढा आहे. त्याच पानाच्या तळाशी तुम्ही लिहिलेला 'मी' मला भिंगाखाली धरावा लागला. दुसरे पान त्याहून बारीक आहे आणि त्याच्या शेवटी एक वाक्य अर्धवट सुटले आहे. तिसऱ्या पानावर मात्र शाई बदललेली आहे, अक्षर पुन्हा मोठे झाले आहे, काने ताठ उभे आहेत आणि 'श्री'ची वेलांटी तर अशी डौलात वळली आहे, की ती जुन्या सवयीच्या हातानेच काढलेली आहे हे कुणालाही कळावे. दुसरे पान संपवून तुम्ही थकून उठलात आणि उरलेले पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळीचा गुण आल्यावर लिहिलेत, असा माझा अंदाज आहे. व्यवसायोपचाराच्या, म्हणजे रुग्णांना रोजची कामे पुन्हा जमवून देण्याच्या, कामात मी अशी पुष्कळ पाने पाहिली आहेत, म्हणून हा अंदाज खात्रीने करते. तुमचे अक्षर गेलेले नाही. दिवसातल्या काही तासांत ते तुमच्या हाती असते आणि काही तासांत नसते. तुमच्या सगळ्या प्रश्नांचे उत्तर मी या एका गोष्टीवरून देणार आहे.

पण त्याआधी एक तातडीची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे. आठ महिन्यांपूर्वी प्रामिपेक्सोल सुरू झाले आणि तेव्हापासून ऊर्मी परत आली, हे तुमचे वाक्य आणि रात्री अडीचपर्यंतची जागरणे, नवे टाक, हातकागदाची खरेदी, पत्नीची चिडचिड ही पुढची वाक्ये तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिली असली, तरी मला ती एकाच सुतात ओवलेली दिसतात. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गटातली औषधे मेंदूत डोपामिन या तिथल्या रसायनासारखे काम करतात, आणि डोपामिनचा संबंध हालचालीशी आहे तसाच ओढीशी, हव्यासाशीही आहे. काही रुग्णांमध्ये या औषधांमुळे एखाद्या गोष्टीची ओढ आवरेनाशी होते. कुणी जुगार खेळू लागतो, कुणी खरेदी करत सुटतो, कुणाला सारखे खावेसे वाटते, कुणाची कामेच्छा अनावर होते. आणि काही जण तासन् तास चित्रे काढतात, लिहितात किंवा एकाच वस्तूची मांडामांड करत बसतात. आयुष्यात कधी ब्रश हाती न धरलेली माणसे या औषधांवर असताना चित्रे काढू लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

म्हणून याच आठवड्यात तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा, पत्नीला बरोबर न्या आणि झोपेचे तास व खर्चाचा आकडा या दोन्ही गोष्टी त्यांना बोलू द्या, कारण या बाबतीत रुग्णाचा स्वतःचा अंदाज अनेकदा कमी पडतो. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती एकाएकी सोडली तर बेचैनी, घाबरेपणा आणि खोल उदासी येऊ शकते. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे डॉक्टरच ठरवतील. तुमच्या मनात लगेच येईल, की मग हा परत आलेला आनंद माझा नव्हताच का, तो काय गोळीचा होता? इतका कठोर हिशेब मी करणार नाही. अक्षराची गोडी तुम्हाला पोरवयापासून आहे, ती गोळीने दिलेली नाही. पाहायचे एवढेच, की जेवायला हाक आली की टाक खाली ठेवता येतो का, आणि न लिहिता झोपलात तर झोप लागते का. येत असेल आणि लागत असेल, तर ती गोडी आहे. नसेल, तर डॉक्टरांना सांगा.

आता अक्षराकडे वळू. मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात कमी होत जातात. सवयीच्या हालचालींचे माप ठरवण्यासाठी डोपामिन लागते: पाऊल किती लांब टाकायचे, आवाज किती चढवायचा, सदऱ्याचे बटण लावताना बोट किती वाकवायचे, 'क'चा गोल किती मोठा काढायचा. डोपामिन अपुरे पडले की ही सगळी मापे आखडतात आणि त्यातली मेख अशी, की करणाऱ्याला ती आखडल्याचे कळत नाही. तुम्हाला आपला आवाज पूर्वीइतकाच वाटतो आणि समोरचा मात्र सारखा "काय म्हणालात?" असे विचारतो, अक्षराचेही तसेच. परंतु जी हालचाल आपण लक्ष देऊन, ठरवून करतो ती मेंदू दुसऱ्या वाटेने करवून घेऊ शकतो, आणि डोळ्यांपुढे एखादी खूण असेल तर ती वाट अधिकच सोपी होते. चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणारा रुग्ण फरशीवर आडव्या पट्ट्या आखून दिल्या की त्या ओलांडत नीट चालतो, जिना तर सपाट जमिनीपेक्षा सहज चढतो. हात मांडीवर निवांत असताना थरथरतो आणि बोरू कागदावर टेकला की थरथर पुष्कळ कमी होते, असे तुम्ही आश्चर्याने लिहिले आहे. त्यात आश्चर्य नाही, कंपवातातली थरथर बहुतेक वेळा विश्रांतीतल्या हाताची असते. तुमची खरी अडचण थरथरीची नाही, मापाची आहे. आणि मापाला खूण देता येते.

ती खूण शोधायला तुम्हाला फार लांब जायचे नाही. तुमच्या वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे आणि मेणवली दफ्तर म्हणून प्रसिद्ध असलेले कागद तिथलेच. शाळेच्या सहलीत तुम्ही मुलांना तिथे नेल्याचे लिहिले आहे, म्हणजे मोडीचा कागद तुम्ही पाहिलेला आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत असे आणि मग त्या रेषेला एकामागून एक अक्षरे टांगत जात असे. आपण देवनागरीत उलटे करतो. आधी अक्षरे लिहितो आणि शब्द पुरा झाल्यावर वरून रेघ मारतो. निरोगी हाताला दोन्ही सारखेच. पण ज्या हाताचे माप ओळीगणिक आखडत जाते, त्याला आधी ओढलेली रेषा म्हणजे पावलापुढची पट्टी आहे. तेव्हा तुम्ही फडणविशी रीत उचला: आधी शिरोरेषा ओढा, तिच्याखाली पेराएवढ्या अंतरावर दुसरी रेघ आखा आणि प्रत्येक अक्षराचा पाय त्या खालच्या रेघेला टेकलाच पाहिजे, असा दंडक ठेवा. पहिलीतल्या मुलांना आपण दुरेघी वही देतो ती याचसाठी. तुम्हाला पुन्हा दुरेघी वहीवर यायला सांगते आहे याचा राग येऊ देऊ नका.

आणखी काही बारीकसारीक गोष्टी सांगते. ओळ सुरू करताना अक्षर मोठे असते आणि शेवटाकडे आखडते, म्हणून एका दमात ओळ लिहू नका. दर तीन-चार शब्दांनंतर हात कागदावरून पूर्ण उचला, खांदा सैल करा आणि नवी सुरुवात करत असल्यासारखे पुन्हा टेका, कारण प्रत्येक सुरुवातीला थोडे मोठेपण फुकट मिळते. टेकण्यापूर्वी मनात किंवा उघड "मोठे" असे म्हणा. हा शब्द बाळबोध वाटतो, पण हाताला तो कळतो. बारीक निबेपेक्षा रुंद कापलेला बोरू बरा, कारण रुंद बोरूने लहान अक्षर काढायचे म्हटले तरी ते भरून जाते आणि चूक तिथल्या तिथे दिसते. लांब शिरोरेषा एका श्वासात डावीकडून उजवीकडे ओढण्याचा सराव स्वतंत्रपणे करा, कारण खांद्यापासून हात मोकळा करण्याचा तो उत्तम व्यायाम आहे, आणि तो मला कुणा पुस्तकाने शिकवलेला नाही. वीस मिनिटांच्या वर बसू नका. आणि लिहिताना बोलू नका. या शेवटच्या सूचनेकडे मी पुढे परत येईन, कारण तुमच्या वर्गाचे भवितव्य तिच्यावर आहे.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक आजी येत असत. त्यांना कशाचेही वाईट वाटत नव्हते, फक्त दारातली रांगोळी सुटल्याचे वाटत होते. चिमटीतून रांगोळी सुटायची, पण तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यापासून ठिपके एकमेकांच्या जवळ सरकत जायचे आणि चौकोनाचे त्रिकोण व्हायचे. आम्ही एका जाड पुठ्ठ्याला दाभणाने सारख्या अंतरावर भोके पाडली, जशी बाजारात ठिपक्यांच्या कागदाला असतात तशी, पण अंतर दुप्पट. त्यांनी पुठ्ठा जमिनीवर ठेवला, त्यावरून रांगोळीची मूठ फिरवली आणि तो अलगद उचलला. खाली ठिपक्यांची ओळन् ओळ सरळ. मग त्या बसल्या आणि ठिपका ते ठिपका रेघ ओढू लागल्या; रेघ मध्ये थरथरली, पण जिथे पोहोचायची तिथे पोहोचली. त्या रांगोळीतली रेघ पूर्वीसारखी नितळ नव्हती, किंचित नागमोडी होती. शेजारच्या मुलीने ती मुद्दाम काढलेली नक्षी समजून तशी शिकवायला सांगितली, तेव्हा आजी इतक्या हसल्या, की एरवी भावहीन दिसणारा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा हललेला पाहिला. तो पुठ्ठा पुढे त्या मुलीच्या घरी गेला आणि आजींसाठी आम्ही दुसरा केला.

आता तासांचा हिशेब. लेव्होडोपा ही डोपामिनची उणीव भरून काढणारी गोळी तुम्ही दिवसातून तीनदा घेता. गोळी घेतल्यावर काही वेळाने तिचा गुण येतो, काही तास टिकतो आणि मग ओसरतो. रुग्ण आपापसात याला 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात. एका साध्या वहीत आठ दिवस नोंद ठेवा: गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता झाले, आणि दर दोन तासांनी एकच ओळ लिहा. कुठलीही चालेल, पण रोज तीच. आठ दिवसांनी त्या ओळी खाली-वर लावून पाहिल्यात, तर तुमच्या हाताचे वेळापत्रक तुम्हाला कुणी न सांगता वाचता येईल, आणि डॉक्टरांनाही ती वही अहवालांच्या जाड फाइलपेक्षा अधिक उपयोगी पडेल. जेवणाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. दूध, अंडे, डाळ, पनीर यांतली प्रथिने आणि लेव्होडोपा एकाच वाटेने शरीरात शिरतात आणि एकमेकांना अडवतात, म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासभरानंतर घेतलेली चांगली. मळमळत असेल तर काय करायचे, ते डॉक्टरांना विचारा. सकाळी दुधाच्या पेल्याबरोबर गोळी घेण्याची तुमची सवय आहे, असे पत्रावरून दिसते. ती बदलल्यास एखादा तास पदरात पडेल.

तुम्ही विचारता, आजारी हाताने केलेले काम हे काम असते का? मला यावर एका जर्मन माणसाची आठवण होते. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजारावरचा निबंध लिहिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु अक्षर लहान होत जाण्याचे लक्षण नेमक्या शब्दांत प्रथम वर्णन करणाऱ्यांत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हा भाषापंडित होता, आणि त्याने ते वर्णन स्वतःच्या हाताबद्दल, स्वतःच्या पत्रांत केले. हा तोच हुम्बोल्ट, ज्याने १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्याने दिली होती. पुढे हात आखडत गेला, शरीर वाकत गेले, तरी १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो जावा बेटावरच्या 'कवी' नावाच्या जुन्या भाषेवर काम करत राहिला, आणि तो ग्रंथ त्याच्यामागे छापला गेला. मला त्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याची पत्रे अधिक जवळची वाटतात. आपले अक्षर का बिघडते, कुठे अडखळते, हे त्याने दुसऱ्याचे असल्यासारखे न्याहाळले, आणि कंपवातावरच्या चर्चेत आज त्याच्या त्या निरीक्षणाचा दाखला दिला जातो. वृत्तपत्रांत 'आजारावर मात' अशा मथळ्याखाली जी छायाचित्रे येतात ती मला, खरे सांगायचे तर, फारशी आवडत नाहीत. हा आजार हळूहळू पुढे जातो आणि त्याच्याशी रोज सकाळी नवा व्यवहार करावा लागतो. त्या व्यवहारात सापडलेली एखादी युक्ती, एखादे निरीक्षण, हेही निर्मितीचेच काम आहे.

तर मुख्य प्रश्न: वर्ग घ्यावा का? घ्यावा, पण पूर्वीचा वर्ग जसाच्या तसा उभा करण्याच्या भरीस पडू नये. पूर्वी तुम्ही दीड तास उभे राहून तीस मुलांना फळ्यावर लिहीत लिहीत शिकवत होतात. या रचनेत तुमच्या आजाराला नेमकी अडचणीची प्रत्येक गोष्ट आहे. फळ्यावर लिहिताना बोलणे म्हणजे मेंदूला एकाच वेळी दोन कामे देणे. त्यात अक्षरही आखडेल आणि आवाजही. लिहून झाल्यावर जागच्या जागी गर्रकन वळणे तर पडण्याला आमंत्रण आहे, कारण कंपवाताच्या रुग्णाचे पाय वळताना अधिक अडकतात. म्हणून नवी रचना अशी करा. मुले दहाच्या वर नकोत. वेळ पाऊण तास, आणि तीही आठ दिवसांच्या वहीवरून ठरवलेली. हाताच्या खुर्चीत बसून, टेबलावर, मुले भोवती. नमुन्याचे मोठे फलक घरी चांगल्या तासात लिहून ठेवलेले. वर्गात दोनच अक्षरे लिहून दाखवायची, तीही गप्प राहून. मग बोरू खाली ठेवायचा, मान वर करायची आणि बोलायचे. गळ्यात अडकवायचा लहान ध्वनिक्षेपक मिळतो, तो घ्या, लाजू नका. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाला मदतीला घ्या, आणि त्याच्याशी आधीच बोलून ठेवा, की एखाद्या दिवशी सर आले नाहीत तर वर्ग तो घेईल. हे शेवटचे ठरवलेले नसते म्हणून पुष्कळ जण सुरूच करत नाहीत. आपण शब्द दिला आणि त्या दिवशी शरीराने दगा दिला तर, या भीतीने सबबी तयार होतात. तुमच्या दोन वर्षांच्या सबबींमागेही तीच असावी.

शिकवण्याचा जो गाभा आहे त्याला हात फार थोडा लागतो. मुलाच्या 'झ'ची गाठ कुठे बिघडली, 'ळ'चे दोन गोल समान का नाहीत, बोरूचा कोन केव्हा फिरला, हे पाहणारा डोळा तुमच्याकडे आहे आणि त्याला काहीही झालेले नाही. उलट साडेतीन वर्षे तुम्ही स्वतःचे प्रत्येक अक्षर सुटे करून पाहत आला आहात. पूर्वी तुमचा 'श्री' इतका सहज उतरत असे, की तो कसा उतरतो हे तुम्हाला सांगता आले नसते. आता तुम्ही त्याचे चार टप्पे सांगू शकाल, कारण चारही टप्पे तुम्हाला मुद्दाम चालावे लागतात. नवशिक्या मुलाचा हातही तसाच मुद्दाम चालतो.

पहिल्या दिवशी मुलांना काय सांगावे, हा तुमचा खरा धसका आहे. सांगायचे एवढेच: "माझ्या मेंदूला एक आजार आहे, त्यामुळे माझा हात हलतो आणि अक्षर बारीक होते. तो संसर्गजन्य नाही. माझे अक्षर बारीक होताना दिसले, तर हात वर करून 'सर, मोठे' म्हणायचे." सूचना देण्याचे काम मिळाले की मुले थरथरीकडे टक लावून पाहणे विसरतात आणि तुमच्या अक्षरावर पहारा ठेवू लागतात, शिवाय तुम्हाला बाहेरून जी खूण हवी असते, ती दहा तोंडांनी मिळते. आईवडिलांना वाचनालयाच्या सेवकाकरवी कळण्याऐवजी तुम्हीच आधी सांगितलेले बरे.

राहिली ऋणाची गोष्ट. हा शब्द तुम्ही पत्रात पाच वेळा वापरला आहे आणि तो मला खटकतो. ऋण म्हटले की फेड आली, फेड म्हटली की हिशेब आला, आणि मग ज्या दिवशी गोळी लागू होत नाही त्या दिवशी माणूस स्वतःलाच थकबाकीदार ठरवतो. आधीच या आजारात उदासी आणि निरुत्साह ही मनाची दुबळीक नसून मेंदूतल्या बदलांचाच भाग असतो, आणि त्यावरही उपचार असतात. त्यात हा हिशेब कशाला? त्यापेक्षा माझीच एक मागणी आहे, ती ऐका. अक्षराच्या सरावासाठी रुग्णांना देण्याचे जे तयार कागद माझ्या हाती आजवर आले, ते बहुतेक रोमन लिपीतले होते. त्यात शिरोरेषा नाही, काना-मात्रा नाहीत, जोडाक्षरे नाहीत. आम्ही स्वतः पट्टीने आखून कामचलाऊ कागद तयार करतो आणि त्यांतली अक्षरे, आमचा हात काही चित्रकला शिक्षकाचा नसल्यामुळे, ओबडधोबड असतात. कंपवात झालेल्या मराठी माणसाला गिरवता येतील अशी मोठ्या अक्षरांची, आधी शिरोरेषा आखलेली, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी वीस-पंचवीस पाने, ज्याला सुलेखन येते आणि ज्याचे स्वतःचे अक्षर आखडते, असा माणूस जितकी चांगली करील तितकी दुसरा कुणी करणार नाही. शेवटच्या पानांवर गिरवायला सही ठेवा. ज्याला त्याला आपले नाव लिहायचे असते.

ही पाने एकट्याने करू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा आधारगट आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. हे शब्द प्रथम ऐकले तेव्हा मला थोडे अवघडल्यासारखे झाले होते, पण 'पेशंट' या हाकेपेक्षा ते केव्हाही बरे. मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. पुण्यातच हृषीकेश पवार या नर्तकाने कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचा वर्ग चालवला, आणि तालाचा आधार मिळाला की अडखळणारे पाऊल कसे उचलले जाते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तसा वर्ग जरूर पाहावा. वाईहून दर महिन्याला पुणे गाठणे दगदगीचे होईल. वर्षातून दोनदा जा, एरवी फोनवर संपर्क ठेवा. पाच शुभार्थींना तुमची पाने गिरवू द्या आणि कुणाचा हात कुठल्या अक्षराशी अडला, ते लिहून पाठवायला सांगा. जागतिक पार्किन्सन्स दिन ११ एप्रिलला असतो. ही काही मुदत नाही. तारीख समोर असली की काम पुढे सरकते, एवढ्याचसाठी सांगितली.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही फक्त "चिडते" असे लिहिले आहे. ज्या घरात रात्री अडीचला दिवा जळतो त्या घरात दोघांचीही झोप मोडते. त्यांनी तुमची वाक्ये पुरी करणे आणि तुमच्या वतीने फोनवर बोलणे थांबवावे, ही तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती त्यांना शांतपणे सांगा. पण वाचनालयाच्या वर्गात त्यांना तुमचा डबा-पाणी सांभाळायला बसवू नका. तो पाऊण तास त्यांचा स्वतःचा असू द्या. मदतनीस विद्यार्थी तेवढ्याचसाठी आहे.

बँकेचे प्रकरण किरकोळ आहे, मनाला लावून घेऊ नका. शाखेत जाऊन, चांगल्या तासात, नव्या सहीचा नमुना द्या आणि ती सही मुद्दाम सुटी व मोठी ठेवा. पुढेमागे सही अशक्यच झाली तर दोन साक्षीदारांसमोर, ज्यांतला एक बँकेचा अधिकारी असतो, अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय आजारी खातेदारांसाठी आहे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सन्सचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयात चौकशी करून ठेवा, कारण ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व नोंदले गेले तर काही सवलती मिळतात.

पुढचे पत्र दुरेघी कागदावर लिहा. प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात गोळी घेतल्याची वेळ आणि लिहायला बसल्याची वेळ टाका. आणि सोबत 'क'चे पहिले पान पाठवा. माझ्याकडे गुरुवारी दोन शुभार्थी येतात, त्यांतले एक निवृत्त तलाठी आहेत आणि त्यांना आपले नाव पुन्हा नीट लिहायचे आहे.

आपली,
सदरलेखिका